विश्लेषण : पाय मुरगळला, सूज उतरली… मग स्कीइंगला कधी जायचे?

नाशिकरोडला बर्फ पडत नाही. तरी हिवाळा जवळ आला की इथल्या सोसायट्यांमध्ये आणि ट्रेकिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुलमर्ग, औली, सोलंगचे बेत शिजू लागतात. तयारी म्हणून अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरच्या फेऱ्या सुरू होतात. अशाच एखाद्या उतरणीवर पाऊल वाकडे पडते. कधी तर त्याहून साध्या जागी, म्हणजे गाडी पकडण्याच्या घाईत रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर, शेवटची पायरी चुकते. घोटा टम्म फुगतो. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, चालता येऊ लागते आणि प्रश्न उभा राहतो : तिकिटे काढली आहेत, पैसे भरले आहेत, आता जायचे की नाही? याचे उत्तर कॅलेंडरवर सापडत नाही, ते घोट्यालाच विचारावे लागते. कसे, ते समजून घेऊ.

पाय मुरगळतो म्हणजे नेमके काय होते?

घोट्याच्या सांध्यात नडगीचे हाड, तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड आणि पावलाचे हाड एकत्र येतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या म्हणजे अस्थिबंध, अर्थात लिगामेंट. पाऊल आत वळून शरीराचा भार बाहेरच्या कडेवर आला की बाहेरच्या बाजूच्या पट्ट्यांवर ताण येतो. बहुतेक वेळा सर्वांत पुढची पट्टी आधी दुखावते.

डॉक्टर या दुखापतीच्या तीन श्रेणी करतात. पहिल्या श्रेणीत पट्टी फक्त ताणली जाते, दुसरीत अर्धवट फाटते, तिसरीत पूर्ण तुटते. साधारणपणे पहिली एक ते तीन आठवड्यांत, दुसरी तीन ते सहा आठवड्यांत सावरते. तिसरीला तीन महिने किंवा त्याहून अधिक लागू शकतात. हे आकडे रोजच्या हालचालीपुरते आहेत. उड्या, धावणे आणि स्कीइंग यांचा हिशेब वेगळा असतो.

यातला एक प्रकार सहज निसटतो. पाऊल बाहेरच्या दिशेने पिळले गेले तर घोट्याच्या वर, नडगीची दोन हाडे जोडणारी पट्टी दुखावते. याला ‘हाय अँकल स्प्रेन’ म्हणतात. स्कीचे टोक बर्फात अडकून पाय फिरला की हीच दुखापत होऊ शकते. यात सूज कमी दिसते, पण बरे व्हायला नेहमीच्या मुरगळण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबल्यावर घोट्याच्या वर कळ आली, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

एक्स-रे कधी काढावा?

पाय सुजला की लगेच एक्स-रे, असा अनेकांचा समज असतो. याच्या उलट, ‘चालता येतेय म्हणजे हाड शाबूत’ असेही घरोघरी ऐकू येते. या दोन्हींच्या मधला मार्ग कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये दाखवला. ‘ओटावा अँकल रूल्स’ या नावाने तो जगभर वापरला जातो. मुरगळलेल्या घोट्यांपैकी फार थोड्यांत हाड मोडलेले असते, हे लक्षात आल्यावर अनावश्यक एक्स-रे टाळण्यासाठी हे नियम तयार झाले.

घोट्याच्या भागात दुखत असेल आणि पुढीलपैकी एक जरी गोष्ट आढळली तरी एक्स-रे काढावा, असे हे नियम सांगतात : घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर बोटाने दाबल्यावर हाड दुखणे, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात गेल्यावरही चार पावले टाकता न येणे. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर आणखी दोन जागा दाबून पाहतात : करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर लागणारे उंचवट्याचे हाड आणि आतल्या कमानीच्या वरचे हाड. इथे लंगडत टाकलेली पावलेही धरली जातात.

लहान मुले, पायाला बधिरपणा असलेले मधुमेही आणि नशेत असलेली व्यक्ती यांच्याबाबत या नियमांवर विसंबू नये. पाऊल वाकडे दिसत असेल, गार किंवा निळसर पडले असेल तर नियम आठवत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

बर्फ लावायचा की हळदीचा लेप?

पाय मुरगळला की घरात तीन सल्ले हमखास मिळतात : गरम पाण्याने शेक, तेल लावून चोळ किंवा कुणाकडून तरी ‘ओढून’ घे. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे तिन्ही टाळावेत. पट्टी फाटल्यावर आत रक्तस्राव सुरू असतो. शेकल्याने आणि चोळल्याने तो वाढू शकतो. हाड मोडलेले असेल आणि कुणी पाय ओढला, तर नुकसान आणखी मोठे होते. हळदीच्या कोमट लेपाने बरे वाटत असेल, पण फाटलेली पट्टी त्याने सांधली जात नाही.

बर्फाबाबतची समजूतही बदलली आहे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये ‘राइस’ या नावाने मांडले. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच भूमिका बदलली : पूर्ण विश्रांती आणि बर्फ यांमुळे भरून येण्याची प्रक्रिया लांबू शकते. सूज ही दुरुस्तीच्या कामाचाच भाग असते. त्यामुळे आता बर्फाकडे दुखणे कमी करण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. लावायचा असेल तर कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, थेट कातडीवर नाही. दाबपट्टी आणि पाय उशीवर उंच ठेवणे मात्र कायम आहे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

सर्वांत मोठा बदल विश्रांतीबाबत झाला आहे. हाड मोडले नसेल, तर दोन-तीन दिवसांनंतर सोसवेल तेवढा भार देत चालायला सुरुवात करणे, महिनाभर पाय बांधून बसण्यापेक्षा फायद्याचे ठरते. तिसऱ्या श्रेणीत किंवा हाय अँकल स्प्रेनमध्ये काही दिवस आधार लागू शकतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

सूज उतरली म्हणजे बरे झाले का?

नाही, आणि खरा घोळ इथेच होतो. अस्थिबंध फक्त दोर नसतात. त्यांच्यात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या संवेदी पेशी असतात, यंत्रातल्या सेन्सरसारख्या. पाऊल खड्ड्यात वाकडे पडू लागले की या पेशी इशारा देतात आणि नडगीच्या बाहेरचे स्नायू पाय सावरतात. पट्टी फाटली की ही यंत्रणाही बिघडते. दुखणे थांबते, सूज उतरते, पण इशारा उशिरा मिळतो. मग सपाट रस्त्यावर, फुटपाथच्या कडेला तोच पाय पुन्हा मुरगळतो.

‘माझा हा पाय सारखाच मुरगळतो’ असे सांगणारी माणसे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. वैद्यकीय भाषेत याला घोट्याची दीर्घकालीन अस्थिरता म्हणतात. पाय मुरगळलेल्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे हा त्रास राहू शकतो, असे अभ्यास सांगतात. वर्षानुवर्षे असे होत राहिले तर सांध्याची झीज लवकर सुरू होऊ शकते. म्हणजे पणाला लागलेली गोष्ट एका सहलीपेक्षा मोठी आहे.

हार्दिक पंड्याच्या घोट्याने काय शिकवले?

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथे विश्वचषकात भारत-बांगलादेश सामना सुरू होता. स्वतःच्याच गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवताना हार्दिक पंड्याचा डावा घोटा मुरगळला. त्याच्या षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. सुरुवातीला तो काही सामन्यांत परतेल, असे वाटत होते. पण ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेबाहेर झाल्याचे जाहीर झाले आणि प्रसिध कृष्णाला संघात घेण्यात आले. लवकर परतण्यासाठी जोर लावला, तेव्हा दुखापत पुन्हा उफाळली आणि प्रकरण तीन महिन्यांवर गेले, असे त्याने नंतर सांगितले. मोठ्या स्पर्धेत तो परतला तो थेट मार्च २०२४ मध्ये, आयपीएलमध्ये. दिमतीला डॉक्टर आणि फिजिओ असलेल्या खेळाडूचीही घाई घोट्यापुढे चालली नाही.

स्कीचा बूट घोटा धरून ठेवतो, मग भीती कशाची?

हा प्रश्न रास्त आहे. १९६० च्या दशकात प्लास्टिकचे उंच, ताठ स्की-बूट आले आणि पुढे घोट्याच्या दुखापती लक्षणीय कमी झाल्या. मात्र बूट घोटा अडवतो तेव्हा पिळवटणारा जोर नाहीसा होत नाही, तो वर सरकतो. त्यामुळे आज स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या दुखापतींची काळजी अधिक केली जाते.

स्कीइंगमध्ये नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकवून उभे राहावे लागते. त्यासाठी घोटा पुढे वाकायला हवा. मुरगळल्यानंतर नेमके हेच वाकणे कमी होते. मग नकळत वजन मागे जाते, स्कीवर ताबा राहत नाही आणि भार गुडघ्यांवर येतो. शिवाय सुजलेल्या घोट्यावर ताठ बूट रुततो. क्रेप बँडेज किंवा दोन-तीन मोजे आत कोंबल्यास दाब वाढून पाय बधिर होतो. आणि दिवसभर बूट थोडाच पायात असतो? हॉटेलबाहेरचा गोठलेला रस्ता, गोंडोलाच्या रांगेतली निसरडी पायरी, संध्याकाळी साध्या बुटांत मारलेली चक्कर, पाय पुन्हा मुरगळण्याचा धोका इथे जास्त असतो. स्नोबोर्डचे बूट मऊ असल्याने त्यात घोट्यावर ताण आणखी येतो.

व्यायाम कोणते आणि कधी?

हे सर्वसाधारण टप्पे आहेत. तिसऱ्या श्रेणीच्या दुखापतीत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच पुढे जावे.

पहिले दोन आठवडे : पाय उंच ठेवून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवणे. घोटा सगळ्या दिशांना फिरतो. टॉवेल पावलाला अडकवून हळूच स्वतःकडे ओढणे. सोसवेल तसे सपाट जागी चालणे.

दोन ते सहा आठवडे : भिंतीला हात लावून टाचा उचलणे, आधी दोन्ही, मग एकच. रबरी पट्टा लावून पाऊल बाहेरच्या दिशेने ढकलणे. रोज दात घासताना एका पायावर उभे राहणे. जमू लागले की आधार जवळ ठेवून डोळे मिटणे. बिघडलेल्या इशारा-यंत्रणेसाठी हाच खरा उपचार.

सहा आठवड्यांनंतर : छोट्या उड्या, मग बाजूला उड्या, इंग्रजी आठच्या आकारात धावणे. स्कीइंगसाठी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे थांबणे आणि अर्ध्या बैठका. या काळात हरिहरच्या उभ्या पायऱ्यांकडे वळू नये. देवळाली कॅम्पचे सपाट रस्ते पुरेत, नंतर पांडवलेणीच्या पायऱ्या. चढणे सोपे जाते, कस उतरताना लागतो.

‘तयार आहे’ हे कसे ओळखायचे?

किती आठवडे झाले, यापेक्षा पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

एक, भिंतीसमोर टाच जमिनीला टेकवून गुडघा भिंतीला लावावा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर राहतो ते मोजावे. दोन्ही पायांतला फरक दीड-दोन सेंटिमीटरहून जास्त असेल तर घोटा अजून आखडलेला आहे.

दोन, दुखऱ्या पायावर ३० सेकंद न डगमगता उभे राहता यावे.

तीन, एका पायाच्या टाचा उचलण्याची संख्या दुसऱ्या पायाइतकीच भरावी.

चार, एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के अंतर गाठावी आणि उतरताना पाय डळमळू नये.

पाच, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणे परत आलेले नसावे. आणि मनातही ‘पाय दगा देईल’ ही धास्ती नसावी. खेळात परतण्याच्या आजच्या निकषांत खेळाडूचा स्वतःचा विश्वासही मोजला जातो.

पट्टा असलेला ब्रेस पुढचे काही महिने ट्रेक आणि धावताना वापरल्यास पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. पण तो व्यायामाची जागा घेत नाही.

मग बुकिंगचे काय?

गुलमर्ग आणि औलीत साधारणपणे मार्चपर्यंत बर्फ असतो. त्यामुळे जानेवारीची तारीख फेब्रुवारी-मार्चवर ढकलता येते का, हे आधी विचारावे. प्रवास विम्यात स्कीइंग धरले आहे का, तेही तपासावे. अनेक साध्या पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी वरच्या पाच चाचण्या करून पाहाव्यात. पाचही जमल्या तर जावे. भाड्याचे बूट घालून दहा-पंधरा मिनिटे उभे राहून बघावे, पहिले दोन दिवस सोप्या उतारावरच राहावे आणि बाइंडिंग वजन व अनुभवानुसार लावून घ्यावे. पडताना स्की वेळेवर सुटली पाहिजे. दुपारनंतर पाय थकले की ‘शेवटची एक फेरी’ टाळावी.

एखादी चाचणी चुकली तरी घरच्यांसोबत जाता येते. गोंडोलातून वर जाऊन बर्फ बघता येतो, पायात पकड असलेले बूट आणि हातात काठी हवी. स्की मात्र पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवावी. तोवर दात घासताना एका पायावर उभे राहणे चालूच ठेवावे.