भादव्यातली लिंबं, चैत्रासाठी

घनसावंगी तालुका मोसंबीचा. कुंभार पिंपळगावच्या शिवारातही नाव तिचंच. कागदी लिंबाचं झाड विहिरीच्या काठाला नाहीतर परसात, एखाददुसरं. पण स्वयंपाक करताना रोज हात जातो तो लिंबाकडेच.

अडचण अशी, की आंबे बहाराची फळं पावसाळ्यात झाडाखाली सडा घालतात आणि चैत्र-वैशाखात, ऐन सरबताच्या दिवसांत, बाजारातलं लिंबू हात लावू देत नाही. बागाईतदार त्यासाठी हस्त बहार धरतो. पावसाळा सरताना झाडाला पाण्याचा ताण बसला, की सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं येतात आणि फळ उन्हाळ्यात हाती लागतं. पण नेमका तेव्हाच पाऊस पडला तर ताण मोडतो, शिवाय काळी जमीन ओल सोडत नाही. म्हणून हा बहार सगळ्यांत अवघड.

घरातला तोडगा बरणीचा. भादव्यात उघडीप पडली तशी काकूंनी पिवळी, पातळ सालीची लिंबं निवडली. धुऊन एकेक फळ कोरडं पुसलं. देठाशी ओल राहिली तर बुरशी तिथूनच धरते. "वल्ला हात घालू नको गं," त्यांनी मला पुनःपुन्हा बजावलं. विळीवर चार-चार फोडी केल्या. बिया सगळ्या काढल्या, नाहीतर लोणचं कडू होतं. मिठात काटकसर नाही. तेल नाही, फोडणी नाही. तोंडाला फडकं बांधून बरणी दिवसभर उन्हात, तिन्हीसांजेला आत. रोज एकदा हलवायची. मिठाने रस लगेच सुटतो, साल मात्र सावकाश मऊ होते. पिवळ्याचा तपकिरी रंग यायला आठवडे जातात. पुढे कुणी तिखट घालतं, कुणी गूळ. तापातून उठलेल्या माणसाच्या मऊ भाताशी मात्र नुसतं मिठातलं, वर्षभर मुरलेलंच हवं. त्याला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे.

वरणावर पिळून उरलेल्या साली काकू वाटीत साठवतात. त्यांवर मीठ टाकून त्या तांब्याचा हंडा घासायला बसल्या. लिंबातलं सायट्रिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं आणि मीठ त्या कामाला वेग देतं. घासल्यावर हंडा लगेच खळखळून धुवायचा, नाहीतर हिरवे डाग धरतात. हंडा लख्ख झाला तोवर साली संपल्या होत्या. देवाची पितळी उपकरणी राहिली. ती उद्याच्या लिंबांवर.