मधला थर

व्हॉयेजर १ आणि २ ही याने १९७७ साली निघाली, तेव्हा प्रत्येकावरची तीन जनित्रे मिळून सुमारे ४७० वॅट वीज देत होती. २००१ उजाडताना ती ३१५ ते ३१९ वॅटवर आली. आतल्या प्लुटोनियम-२३८चे अर्धायुष्य ८७.७ वर्षे. त्या हिशेबाने उष्णता सतरा टक्क्यांच्या आसपास घटायला हवी होती. वीज मात्र जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. उष्णता कमी झाली की तप्त टोकाचे तापमान उतरते आणि कार्यक्षमताही घसरते, हे खरे. पण तेवढ्याने सारी तफावत भरून निघत नाही. उष्णतेची वीज करणारे तुकडेही झिजत होते.

ज्यात फिरणारा एकही भाग नाही ते यंत्र झिजते कसे? या विषयात मला सर्वांत जास्त गुंतवतो तो हा प्रश्न, आणि त्याचे निम्मे उत्तर सांध्यांत आहे. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की शेजारची चुंबकसूची हलते, हे सीबेकने १८२१ साली पाहिले. आता धातूंच्या जागी दोन प्रकारच्या अर्धवाहकांचे छोटे खांब असतात. एक टोक तप्त, दुसरे गार, आणि दोन्ही टोकांना वीज वाहून नेणारी धातूची पट्टी. यातल्या बऱ्याच अर्धवाहकांत टेल्युरियम किंवा अँटिमनी असते आणि बऱ्याच धातूंशी त्यांचे चटकन जुळते. तापलेल्या सांध्यात अणू वर्षानुवर्षे इकडचे तिकडे सरकत राहतात. म्हणून खांब आणि पट्टी यांच्या मध्ये एक रोधक थर घालावा लागतो.

पितळी भांड्याला कथिलाची कल्हई आतल्या आंबटापासून जशी जपते, तसेच या थराचे काम. फरक असा की बिस्मथ टेल्युराइडच्या जनित्रात कथिलच घुसखोर असते. सोल्डरमधले कथिल टेल्युरियमशी मिळून ठिसूळ थर बनवते. तांबे त्याहून उपद्रवी. स्फटिकाच्या पापुद्र्यांमधून ते झपाट्याने आत शिरते आणि वीज वाहणाऱ्या प्रभारांची संख्याच बदलून टाकते. म्हणून मध्ये काही मायक्रोमीटर जाडीचे निकेल चढवतात. निकेलही टेल्युरियमशी संयोग पावतेच, पण हळू. आणि थोडी अभिक्रिया हवीच असते, कारण जो थर अजिबात मिसळत नाही तो चिकटतही नाही. उत्तम रोधक म्हणजे पूर्ण निष्क्रिय पदार्थ, ही समजूत इथे कामाची नाही. चिकटण्यापुरती अभिक्रिया व्हावी आणि पुढे ती जवळजवळ थांबावी, असा पदार्थ शोधायचा असतो.

त्यात विजेला अडथळाही नको. एक मिलिमीटर उंचीच्या बिस्मथ टेल्युराइडच्या खांबाचा रोध, दर चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या हिशेबाने, साधारण १०० मायक्रोओहम भरतो. दोन्ही सांध्यांनी प्रत्येकी दहाची भर घातली, तर मूळ रोधाच्या वीस टक्के रोध नुसत्या सांध्यांतच वाढला. चांगला सांधा एकच्या आत राहतो. शिवाय तापल्यावर थर आणि खांब सारखेच फुगले पाहिजेत, नाहीतर तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडा जातो.

कोबाल्ट अँटिमोनाइडच्या घराण्यातले स्कटरुडाइट तप्त बाजूला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालवतात. तिथे टायटॅनियम पुढे आले ते याच हिशेबाने: त्याचे प्रसरण स्कटरुडाइटच्या जवळपास आहे. शांघायच्या इन्स्टिट्यूट ऑफ सिरॅमिक्समध्ये टायटॅनियमचा थर देऊन त्यावर मॉलिब्डेनम-तांब्याची पट्टी बसवली गेली. मॉलिब्डेनम फार कमी फुगते, तांबे जास्त. प्रमाण बदलून हवे ते प्रसरण साधता येते. ही युक्ती मला फार आवडते. तरीही टायटॅनियम आणि अँटिमनीची संयुगे त्या सांध्यात हळूहळू जाड होत जातातच.

पोकळीत झिजेची आणखी एक वाट उरते: तप्त पदार्थ उघड्या बाजूंनी थेट वाफ होऊन उडतो. व्हॉयेजरच्या सिलिकॉन-जर्मेनियमच्या तुकड्यांवर त्यासाठी सिलिकॉन नायट्राइडचा लेप होता. मंगळावरच्या क्युरिऑसिटी या गाडीच्या जनित्रात खांबांच्या ७६८ जोड्या आहेत, टेल्युराइडच्या. ही वाफ रोखायला ते जनित्र बंद पेटीत आरगॉन वायू भरून चालवतात.

इतकी वर्षे रोधक थराची निवड मुख्यतः करून बघण्यावरच चालली. २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका कामाने वेगळी दिशा दाखवली. कोणते पदार्थ एकमेकांशेजारी स्थिर राहतील हे संशोधकांनी आधी संगणकावर, क्वांटम गणिताने तपासले. मग अभिक्रियेतून निघू शकणाऱ्या संयुगांचा रोध आणि वितळणबिंदू पाहिले. मॅग्नेशियम-चांदी-अँटिमनीच्या पदार्थासाठी त्यांना मॅग्नेशियम-तांबे-अँटिमनी सापडले. म्हणजे रोधक शोधला तो शुद्ध धातूंत नव्हे, तर त्या पदार्थाच्याच भाऊबंदांत. ५५३ केल्विनला सोळा दिवस ठेवूनही सांध्याचा रोध एक मायक्रोओहम-चौरस सेंटिमीटरच्या आत राहिला.

सोळा दिवस प्रयोगशाळेत बरेच. क्युरिऑसिटीसारख्या जनित्राकडून किमान चौदा वर्षांची अपेक्षा असते. तापमान वाढवून वेळ वाचवता येतो, पण जास्त तापमानाला कधीकधी वेगळेच संयुग तयार होते आणि मग तो निकाल खऱ्या सांध्याला लागू पडत नाही. म्हणून काही नमुने खऱ्या तापमानालाच, हजारो तास, भट्टीत ठेवावे लागतात.