चालायला निमित्त तबकडीचे

गेल्या आठवड्यात आमच्या गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक दवाखान्यात आले. मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी निघाले होते. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी लिहून झाली तशा बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्या खेपेला परत आलो तेव्हा यांची साखर किती वाढली होती, आठवतंय ना? तिकडे मुलगा-सून सकाळीच कामाला जातात. आपल्याला गाडी चालवता येत नाही. हे दिवसभर खुर्चीत बसून असतात."

मी विचारले, "गुरुजी, चालायला का जात नाही?"

"कुठे जायचं? रस्त्याला माणूस दिसत नाही. त्याच त्या वळणावरून एकट्याने रोज किती फेऱ्या मारायच्या?"

प्रश्न खरा आहे. 'रोज चाला' हे वाक्य मी आजवर हजारो रुग्णांना ऐकवले असेल. न चालणाऱ्यांना आळशी म्हणूनही मोकळा झालो आहे. पण माणूस आळसानेच घरात बसतो असे नाही. कोणी कंटाळ्याने बसतो, कोणी भीतीने. हे मला माझ्या थोरल्या बंधूंकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा कळले.

दादाला हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी झाली होती. त्यानंतर चार महिन्यांनी, जूनमध्ये, मी भेटायला गेलो. प्रकृती चांगली होती. देखरेखीखालचा व्यायामाचा कार्यक्रम पुरा झाला होता आणि रोज चालायला त्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते. पण हा उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

"दादा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना तुला?"

"सांगितलंय रे. पण एकटा चालायला लागलो की सगळं लक्ष छातीकडे जातं. जरा धडधडलं की वाटतं, झालं!"

हृदयविकारातून उठलेल्या पुष्कळांची अशीच अवस्था असते. चालले की धडधड वाढणारच, पण तीच त्यांना दुसऱ्या झटक्याची चाहूल वाटते. मग माणूस बसून राहतो, वजन आणि साखर वाढते, आणि ज्याला भ्यायचे तेच जवळ येते. माझ्या उपदेशाचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो दादाच्या बारा वर्षांच्या नातवाचा. एका संध्याकाळी तो आम्हा दोघांना जवळच्या उद्यानात 'डिस्क गोल्फ' खेळायला घेऊन गेला.

खेळ कसा असतो?

गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खळग्यात घालतात. इथे चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी हाताने फेकायची आणि खळग्याऐवजी खांबाला बसवलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आदळते आणि खाली टोपलीत पडते. आपल्या विटीदांडूत विटी जिथे पडते तिथून पुढचा खेळ होतो, तसेच इथेही तबकडी पडेल तिथून पुढची फेक करायची. सर्वांत कमी फेकांत टोपली गाठेल तो पुढे. टोपलीपासून जो सर्वांत लांब असेल त्याने आधी फेकायचे, बाकीच्यांनी त्याच्या मागे थांबायचे.

कॅलिफोर्नियातल्या एड हेड्रिक यांना या खेळाचे जनक मानतात. तिथल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिले कायमचे मैदान झाले, आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट हेड्रिक यांना १९७७ साली मिळाले. आज अमेरिकेत अशी मैदाने गावोगावी आहेत. बहुतेक सार्वजनिक उद्यानांत असतात आणि खेळायला पैसे पडत नाहीत.

आम्ही गेलो ते नऊ टोपल्यांचे छोटे मैदान होते, तेही ओक आणि मेपलच्या दाट झाडीत. सुरुवातीच्या ओट्यापासून टोपली फार तर साठ-सत्तर मीटर. नऊ टोपल्या करून परत यायला आम्हाला पाऊण ते एक तास लागे आणि दोन-अडीच हजार पावले होत.

लहान आणि झाडीचेच का?

मोकळ्या लांबलचक मैदानावर ज्याच्या मनगटात जोर तो जिंकतो. झाडीत तसे नाही. दोन बुंध्यांमधल्या दोन-तीन मीटरच्या फटीतून तबकडी काढायची असते. जोर लावाल तितकी ती झाडावर आदळण्याची शक्यता जास्त. हळू आणि सरळ फेकणारा आजोबा जोरात फेकणाऱ्या नातवाच्या बरोबरीने राहतो. पन्नाशी-साठी उलटलेल्याला हाच खेळ योग्य. शिवाय वर सावली असते.

दुसरा फायदा चालण्याचा. फेकायचे, साठ-सत्तर पावले चालायचे, थांबायचे, दुसऱ्याची फेक पाहायची, पुन्हा चालायचे. मध्ये मध्ये विसावा असल्यामुळे दम लागत नाही. आणि लक्ष छातीकडे न राहता पुढच्या फटीकडे लागते. पहिल्या दिवशी दादा चार टोपल्या करून थांबला. आठवड्याने नऊ पुऱ्या केल्या. परत येताना मला म्हणाला, "आज सहाव्या टोपलीपर्यंत छातीची आठवणच झाली नाही रे."

प्रौढांनी आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये इतपत. संथ खेळात श्रम याहून कमी पडतात. म्हणून आम्ही टोपल्यांमधले अंतर जरा झपझप चालत असू.

हात कसा टाकावा?

पहिल्याच दिवशी मी नातवाला दाखवायला म्हणून सगळा जीव एकवटून तबकडी फेकली. ती डावीकडे वळून झुडपात गेली आणि माझा उजवा खांदा पुढचे आठ दिवस दुखला. दुसऱ्याला शिकवणारा डॉक्टर स्वतः अंग मोकळे न करता खेळला, त्याची ही शिक्षा.

झाले ते असे. उजव्या हाताने छातीसमोरून फेकलेली तबकडी वेग कमी झाला की शेवटी डावीकडे वळते. धारदार काठाची, लांब पल्ल्याची तबकडी तर वेग कमी पडला की लवकरच वळते. तो वेग तरुण हातांत असतो. आपण 'पटर' नावाची बोथट काठाची, संथ जाणारी तबकडी घ्यावी, तीही दीडशे ग्रॅमच्या आसपासची हलकी.

आधी पाच मिनिटे खांदे, मनगटे आणि कंबर हळूहळू फिरवावी. धावत येऊन फेकू नये, उभ्यानेच फेकावी. बळ खांद्यातून काढायचे नसते, कमरेच्या वळण्यातून येते. हात छातीच्या जवळून आणावा, आणि फेकल्यावर पुढचे पाऊल जमिनीला रुतवून न ठेवता शरीराबरोबर वळू द्यावे, नाहीतर गुडघ्याला पीळ बसतो. फेकताना श्वास कोंडू नये, सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. मधुमेह्यांचे खांदे आखडण्याचे प्रमाण जास्त असते. ज्यांचा हात आधीच वर जात नाही त्यांनी फेकण्याच्या भानगडीत पडू नये, नुसते बरोबर चालावे.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. टोपली कमरेच्या उंचीवर असते, पण प्रत्येक फेकीनंतर तबकडी जमिनीवरून उचलावी लागते. नऊ टोपल्यांच्या फेरीत वीस-पंचवीस वेळा वाकणे होते. कमरेत वाकू नका, गुडघे दुमडून उचला. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर अंधारी येते. सावकाश उठा, जवळच्या झाडाला हात लावा.

झाडीतला खरा शत्रू म्हणजे जमिनीवर आलेली मुळे. नजर तबकडीवर असते आणि पाय मुळात अडकतो. चालताना खाली पाहा, पाहायचे तर थांबून पाहा. चपला-सँडल नकोत, पकड असलेले बंद बूट हवेत. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे पडल्यावर रक्त लवकर थांबत नाही. शिवाय तिकडे दवाखान्याचा खर्च प्रचंड असतो, हे गृहीत धरून पाऊल टाकावे.

तिकडचा बिब्बा आणि गोचीड

तबकडी झुडपात गेली की आपण हात घालतो. तिथे 'पॉयझन आयव्ही' नावाची वेल असते. एका देठाला तीन पाने ही तिची खूण. ती आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्याच कुळातली. बिब्बा उततो तसे तिच्या रसाने अंगावर फोड उठतात. हात लागलाच तर लगेच साबणाने भरपूर धुवावे. तबकडीलाही रस लागलेला असतो, तीही धुवावी.

त्याहून महत्त्वाची गोचीड. न्यू जर्सी आणि आसपासच्या राज्यांत काळ्या पायांची गोचीड असते. तिच्या चावण्यातून 'लाइम' नावाचा आजार होतो. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम या गावी मुलांचे सांधे सुजण्याचे प्रकार १९७५ साली आरोग्य खात्याच्या नजरेस आले, त्यावरून हे नाव. म्हणजे खेळ आणि आजार यांचे वर्ष एकच! या गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि चावलेले कळत नाही. मे ते जुलै हा त्यांचा जोराचा काळ.

घाबरून घरात बसायचे कारण नाही. गोचीड साधारणपणे चोवीस तासांहून अधिक काळ चिकटून राहिली तरच लाइमचे जंतू अंगात शिरतात. म्हणून त्याच दिवशी शोधणे हाच उपाय. फिक्या रंगाची लांब पँट घालून तिची टोके मोज्यांत खोचावीत, कीटक दूर ठेवणारे औषध लावावे. घरी आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करावी. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरेला, कानामागे आणि केसांत नीट पाहावे. मला तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यामागे एक सापडली. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढली. त्यावर रॉकेल ओतणे किंवा चटका देणे असे उपाय करू नयेत.

चावल्यानंतर तीन दिवस ते महिनाभरात लाल, हळूहळू पसरत जाणारा चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर दिलेल्या साध्या प्रतिजैविकाने आजार बरा होतो. आणि भारतात परतल्यावर असे झाले, तर 'मी अमेरिकेत झाडीत फिरत होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाहीतर आमच्या डोक्यात मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुनिया हेच येणार.

गोचिडी आपल्याकडेही आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली गोचिडीमुळेच होणाऱ्या माकडतापाची साथ आली होती. रानात जाणाऱ्या प्रत्येकाने अंग तपासण्याची सवय लावावी.

कोणी, कसे खेळावे?

हृदयविकार झालेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. एकट्याने झाडीत जाऊ नये. खिशात फोन, पाण्याची बाटली, मधुमेह्यांनी ग्लुकोज किंवा साखर, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर जिभेखाली ठेवायची गोळी असावी. छातीत दुखले, घाम सुटला, चक्कर आली, तर 'एवढी टोपली करून थांबू' म्हणू नये. तिथेच बसावे आणि अमेरिकेत ९११ या क्रमांकावर फोन करावा. आपल्याकडे रुग्णवाहिकेसाठी १०८. मधुमेह्यांनी घरी आल्यावर तळपाय पाहावेत. आणि कोणी मागून 'फोर' असे ओरडले तर वळून न पाहता डोके हातांनी झाकावे. ही तबकडी लागली तर जखम होते.

ज्यांना अमेरिकेला जायचे नाही त्यांनीही यातून घ्यायचे ते घ्यावे. टेकडीवरचे देऊळ, नातवाबरोबर विटीदांडू, मित्राच्या मळ्यापर्यंतची फेरी, काहीही चालेल. चालायला निमित्त आणि सोबत हवी. निव्वळ उपदेशाने कोणी चालत नाही, हे मी डॉक्टर असून कबूल करतो.

मी परत निघालो त्या सकाळी दादा मला निरोप द्यायला विमानतळावर आला नाही. नातवाची शाळा बंद होती आणि दोघे नऊच्या आत मैदानावर पोचणार होते. मला राग आला नाही.

गुरुजींच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली मी एक ओळ जादा लिहून दिली: 'बंद बूट, एक हलकी तबकडी, आणि नातू.'