सुईच्या आधीचा अर्धा तास

संपादकांना हवं होतं 'पुण्यातलं टॅटूवेड'. वारज्यात महामार्गाच्या सेवारस्त्यापासून थोडं आत, पहिल्या मजल्यावर एक छोटा स्टुडिओ आहे असं कळलं म्हणून गेलो. वेड बाजूलाच राहिलं. बघत बसलो ते टेबल लावणं.

मालक पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि ब्रश सुटला. त्याच्याकडे सध्या उत्तमनगरची एक मुलगी शिकतेय. चार महिने झाले, तिची सुई अजून कुणाच्या अंगाला लागलेली नाही. ती रबरी कातडीवर रेषा मारते आणि रोज टेबल लावते.

हात धुवून हातमोजे. टेबलावर जंतुनाशक मारलं की बाटलीवर लिहिलेली मिनिटं ते ओलंच राहू द्यायचं. लगेच पुसलं तर नुसती चकाकी मिळते. मग प्लास्टिक: टेबलावर पातळ कागद, मशीनला पिशवी, वायरीला बाही, पॉवर सप्लायच्या बटणाला आणि स्प्रेच्या बाटलीलासुद्धा. काम चालू असताना रक्ताळलेला मोजा कुठे लागेल याचा नेम नसतो. शाई थेंबाथेंबाने छोट्या टोपणात; उरली तर फेकायची, बाटलीत परत नाही. सुईचं पाकीट सगळ्यात शेवटी, गिऱ्हाइकासमोर, तारीख दाखवून.

"दादा, झालं," ती म्हणते. दादा येतो, बघतो, काहीच बोलत नाही. मग तिच्याच लक्षात येतं: मोजे घालून तिने मोबाइल बाजूला सरकवला होता. मोजे कचऱ्यात, पुन्हा पहिल्यापासून.

फळीवर जुनं कॉइलचं मशीन आहे. दादाचा जीव त्यावर. वीज सुरू झाली की दोन वेटोळी लोहचुंबक होऊन लोखंडी पट्टी खाली ओढतात. पट्टी खाली गेली की स्क्रूशी जुळलेला संपर्क तुटतो, चुंबक मरतं, स्प्रिंग पट्टीला वर फेकते, पुन्हा संपर्क. विजेच्या घंटेचंच तत्त्व, फक्त टोल्याच्या जागी सुई. स्क्रू केसभर फिरवला तरी आवाज बदलतो, आणि दादा व्होल्टच्या आकड्याआधी आवाज ऐकतो.

इतिहास थोडक्यात: एडिसनने १८७६ मध्ये विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. कागदाला भोकं पाडून स्टेन्सिल करायची ती, नकला काढण्यासाठी. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने त्याच कल्पनेवरून टॅटूच्या मशीनचं पेटंट घेतलं. आपल्याकडे गोंदण त्याआधीपासून हातानेच चालत आलेलं. पुढे जत्रेतही मशीन आलं. ते भुर्रर्र करत बसलेलं मी लहानपणी पाहिलंय. सुई एक, शाईची वाटी एक, पुसायचं फडकं एक आणि रांग मोठी. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस टिकतो, हे त्या रांगेत कुणाला ठाऊक असणार?

नवीन सुई घेतली की झालं, असं मलाही वाटत होतं. दादाने सुईचं एक कार्ट्रिज ब्लेडने उभं चिरून दाखवलं. आत रबराचा पातळ पडदा. सुई मागे येताना शाई आणि रक्त मशीनमध्ये चढू नये म्हणून तो असतो. स्वस्तातल्या कार्ट्रिजमध्ये तो कधी नसतोच. मग पुढच्या गिऱ्हाइकाला सुई नवी, पण मशीनचा घसा आधीच्याचा. ऑनलाइन मिळणारं स्वस्त किट बघून मुलीने तिथेच विचारलं, "यात आहे का पडदा?" दादा म्हणाला, "चिरून बघ."

पाण्याचाही तसाच घोळ. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे. अमेरिकेत रॉचेस्टरला २०११-१२ मध्ये, डिस्टिल्ड पाण्याने पातळ केलेल्या करड्या शाईतून लोकांच्या कातडीत क्षयरोगाच्या जंतूंचे भाऊबंद शिरले होते. सुया कितीही नव्या असल्या तरी त्याला काय इलाज?

एवढं सगळं जमलं, तरी शेवटी वापरलेली सुई उरतेच. ती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते. पण डबा भरला की?

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम दवाखाने, रक्तपेढ्या, प्रयोगशाळा, जनावरांचे दवाखाने, अगदी लसीकरणाची शिबिरंही नावानिशी मोजतात. टॅटूचं नाव त्यात नाही. सुई इतर कचऱ्यात टाकावी, तर पुण्यात तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका आहेत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका लावा, हे त्यांनीच शहराला शिकवलं. पण ठिपक्याने सुई बोथट होत नाही. इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना मुलगी रोज बघते, म्हणून हा प्रश्न तिनेच लावून धरला.

काही दिवस ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्याच्या कचऱ्यात हा डबा घेतला. मग म्हणाले, "पिशवीवर बारकोड माझा असतो रे. तुझ्या सुयांचा हिशेब मी कसा देऊ?" बरोबरच आहे त्यांचं.

आता दादाने स्वतःच्या नावाने जैववैद्यकीय कचऱ्याच्या परवानगीसाठी अर्ज करायचं ठरवलंय. मुलीने नमुना काढून आणला. त्यात खाटांची संख्या विचारलीय, आणि महिन्याला किती रुग्ण तपासता तेही. स्टुडिओत मागे रेलणारी एक खुर्ची आहे. ती खाटेत धरायची का, यावर दोघांचं अजून एकमत नाही.