लेकराची भूक, लेकराचा खेळ



आमची आरोग्य बैठक अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात असो की अकोल्याच्या भीमनगरात, दोन तक्रारी हमखास येतात. एक माय म्हणते, "ताई, लेकरू कायीच खात नायी. घास तोंडातच धरून बसते." तिच्या बाजूची दुसरी म्हणते, "आमचं तं दिवसभर मागतच राह्यते. पुडा दिसला की रडणं सुरू." दोघींनाही वाटते की दोष पोटात आहे. कधी तो खरोखर पोटातच असतो, आणि ते आधी तपासलेच पाहिजे. पण तपासणीत काही निघाले नाही, तर आम्ही दोघींना एकच प्रश्न विचारतो: लेकराचा दिवस कसा जातो? त्याच्याशी कोण बोलते, कोण खेळते, त्याच्या हातात काय असते? सहा महिने ते दोन वर्षे या वयात खेळाचा आणि खाण्याचा जवळचा संबंध आहे. या वेळी तोच समजून घेऊ.

भूक वेगळी, ओढ वेगळी

भूक ही शरीराची मागणी आहे. लहान लेकराला ती बरोबर कळते. भूक लागली की ते हात चोखते, चमच्याकडे झेपावते, तोंड उघडते. पोट भरले की मान फिरवते, ओठ घट्ट मिटते, चमचा ढकलते.

खाण्याची ओढ मात्र वेगळी असते. पोटात जागा नसतानाही एखादे लेकरू खाऊसाठी जिवाचा आटापिटा करते. अमेरिकेत बफेलो विद्यापीठात डॉ. काई लिंग काँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान लेकरांची ही ओढ मोजली. लेकरासमोर एक बटण असते. ते दाबले की खाऊचा छोटा तुकडा मिळतो. पुढच्या तुकड्यासाठी आणखी जास्त वेळा दाबावे लागते. मग बटण दाबल्यावर खाऊऐवजी दुसरी गंमत मिळते, जसे साबणाचे फुगे. लेकरू कशासाठी जास्त झटते ते पाहिले जाते.

2016 मध्ये त्यांचा एक लहान प्रयोग प्रसिद्ध झाला. खाऊची ओढ फार असलेली काही लेकरे आईवडिलांसोबत सहा आठवडे गाण्या-वाजवण्याच्या वर्गाला गेली. वर्गाला न गेलेल्या लेकरांच्या तुलनेत त्यांची खाऊकडची ओढ कमी झालेली दिसली. प्रयोग थोड्याच लेकरांवर झाला होता आणि तिकडची घरे आपल्यासारखी नाहीत, म्हणून त्याला औषधाच्या मात्रेसारखा नियम मानू नये. पण त्यातली गोष्ट आपल्या घरात सहज ओळखू येते.

माय सकाळीच धुण्याभांड्याला, बांधकामावर किंवा निंदणाला जाते. घरात आजी, तिचे गुडघे दुखतात. लेकरू दारात बसलेले, हातात काही नाही. ते कंटाळून रडते. शेजारची म्हणते, "रडते तं दे नं त्याले बिस्कीट." बिस्कीट मिळते, लेकरू गप्प होते. दिवसातून पाच वेळा हे झाले की लेकरू धडा शिकते: रडले की खाऊ, कंटाळा आला की खाऊ, माय आठवली की खाऊ. त्याच्या दिवसात दुसरा आनंदच उरत नाही, म्हणून ते त्या एकाच आनंदामागे लागते. यात आजीचा दोष नाही. तिच्याजवळ दुसरे काही ठेवलेलेच नाही.

शिवाय लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे. चहा-बिस्कीट आणि पाच रुपयांच्या पाकिटाने ते भरले की वरण-भाताला जागा राहत नाही. म्हणजे दिवसभर मागणारे लेकरूही जेवणाच्या वेळी न खाणारेच होते. दोन मायांची तक्रार अशी एका ठिकाणी येऊन मिळते.

न खाणाऱ्या लेकराला खेळ का लागतो

कुपोषण म्हटले की आपण मेळघाटाकडे बोट दाखवतो. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुले वयाच्या मानाने बुटकी आणि 26 मुले उंचीच्या मानाने रोडकी आढळली. ही सगळी मुले डोंगरात राहत नाहीत. त्याच वेळी शंभरात 4 मुले लठ्ठही निघाली. दोन्ही प्रकारची लेकरे आपल्या वस्त्यांतही आहेत.

शरीराला अन्न कमी पडू लागले की लेकरू शक्ती वाचवते. ते कमी हलते, कमी रडते, खेळत नाही. घरचे कौतुकाने म्हणतात, "लय गरीब लेकरू आहे, तरासच देत नायी." माता-भगिनींनो, हा गरीबपणा चांगला नसतो. जे लेकरू मागत नाही, त्याच्याकडे कामाच्या धावपळीत लक्षही कमी जाते. मग ते आणखी कमी खाते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये तीव्र कुपोषित मुलांच्या उपचाराचे जे दहा टप्पे सांगितले, त्यांत नववा टप्पा माया आणि खेळाचा आहे. दूध, आहार, औषधे यांच्या बरोबरीने दररोज 15 ते 30 मिनिटे ठरवून खेळ घ्यावा, लेकराला आनंदी वातावरण द्यावे, मायला त्यात सामील करावे, असे त्यात सांगितले आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने नलगोंडा जिल्ह्यातल्या 60 गावांत एक अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत नेहमीची अंगणवाडी सेवा चालू होती. काही गावांत मायांना पूरक आहाराचा सल्ला घरोघरी जाऊन दिला. उरलेल्या गावांत त्या सल्ल्यासोबत लेकराच्या खुणा ओळखून भरवायला आणि साध्या खेळण्यांनी खेळायला शिकवले. सल्ला मिळालेल्या दोन्ही गटांतल्या लेकरांचा आहार सुधारला. मानसिक वाढ मात्र खेळाच्या गटात जास्त चांगली झाली. चांगला आहार दोन्हीकडे होता, खेळाने त्यात भर घातली.

पैसे न लागणारा खेळ

खेळ म्हणजे दुकानातली खेळणी नव्हेत. घरात जे आहे ते पुरे.

सहा ते नऊ महिने: ओढणीआड तोंड लपवून "भो" करा. वाटी आणि चमचा वाजवायला द्या. झाकण घट्ट बंद केलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत मूठभर तूर घालून खुळखुळा करा, पण झाकण रोज तपासा. भाकरी थापताना लेकराला चुलीपासून लांब, पण तुम्ही दिसाल असे बसवा आणि बोलत राहा: "हे पीठ, ही परात, आता भाकर फुगली."

नऊ ते बारा महिने: डब्यात वस्तू टाकणे आणि काढणे हा या वयाचा आवडता उद्योग. कांदा, बटाटा, लाकडी चमचा चालतो. टाळ्या वाजवा, नाव घेऊन हाक मारा, आरशात तोंड दाखवा.

एक ते दोन वर्षे: वाट्या एकात एक घालणे, चेंडू लोटणे, कपड्यांच्या घड्या करताना मदत करणे, चिमणी-बकरीचे आवाज काढणे.

आणि गाणे. बारशाला आपण भीमाचा पाळणा गातो, जयंतीला भीमगीते गातो. तीच गाणी रोज लेकराला मांडीवर घेऊन, टाळीच्या ठेक्यावर गा. आवाज चांगला नसला तरी चालतो. लेकराला मायचाच आवाज गोड लागतो.

नाणी, बटणे, मणी, घड्याळाचे सेल आणि शेंगदाण्यासारख्या लहान वस्तू लेकराच्या हाती देऊ नका. त्या श्वासनळीत अडकतात, आणि सेल गिळला तर आतून जाळतो.

खेळ हे फक्त मायचे काम नाही. बापाने संध्याकाळी पंधरा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून लेकरू घेतले तर तेवढ्या वेळात मायचा स्वयंपाक होतो आणि लेकरू जेवायला हसतमुख बसते.

भरवताना

पहिले सहा महिने फक्त मायचे दूध. त्यानंतर दूध चालूच ठेवून वरचा आहार. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा. नऊ महिन्यांनंतर मधल्या वेळी एक-दोनदा केळे, उकडलेले अंडे असे काही. इथे वाटी म्हणजे पाव लिटरची धरा. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकर, मुगाची खिचडी, वरून चमचाभर तेल किंवा तूप. डाळीचे नुसते पाणी देऊ नका, डाळ घोटून द्या.

लेकरासमोर बसा. त्याच्या डोळ्यांत पाहून बोला. एक-दोन घास त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या. तोंड मिटले तर थोडे थांबा, पुन्हा एकदा विचारा. तरी नको म्हटले तर उचला. नाक दाबून, मांडीत आवळून भरवले तर लेकराला चमच्याचीच भीती बसते.

खेळ जेवणाच्या आधी असावा. जेवताना खेळवून, फसवून घास कोंबण्यासाठी तो नाही. मोबाईल तर नकोच. डोळे पडद्यावर असले की लेकराला पोट भरल्याचेही कळत नाही आणि चवही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक वर्षाखालच्या लेकराला पडदा अजिबात दाखवू नये, असे सांगितले आहे. दुसऱ्या वर्षीही त्याची शिफारस नाही.

लेकरू रडले तर आधी पाहा: शेवटचे खाऊन किती वेळ झाला? नुकतेच खाल्ले असेल तर उचलून घ्या, दारात न्या, गाणे म्हणा. त्यानेही थांबले नाही आणि भुकेच्या खुणा दिसल्या, तर जेवण द्या, पुडा नको.

खेळाने पोट भरत नाही

हे ठासून सांगितले पाहिजे. तथागत आळवी नगरात आले तेव्हाची गोष्ट आपण विहारात ऐकतो. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी धम्म ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्यानंतरच उपदेश केला. उपाशी लेकराला खेळाचा उपदेशही तसाच आहे. आधी अन्न.

म्हणून अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला मिळणारा घरपोच आहार सोडू नका आणि तो घरातल्या मोठ्यांत वाटू नका. दर महिन्याला वजन करून घ्या. आशाताईंकडून लोहाचे औषध घ्या. वर्षानंतर जंताची गोळी द्या.

लेकरू एकाएकी खाणे सोडते, ताप आहे, तोंड आले आहे, जुलाब आहेत, वजन दोन महिने वाढले नाही, दोन्ही पायांवर सूज आहे, किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, तर घरगुती उपाय करत बसू नका. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय गाठा. सुस्त पडलेले, पाणीही न पिणारे लेकरू त्याच दिवशी न्या.

वस्तीने काय करावे

एकात्मिक बालविकास योजना 1975 मध्ये सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत आपल्याच जिल्ह्यातले धारणी होते. पण अंगणवाडीत बसून शिकणे हे तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी राहिले. त्याखालच्या लेकरांचा खेळ घरावर सोडला गेला. आता केंद्र सरकारने 2024 मध्ये 'नवचेतना' आराखड्यात तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी 140 खेळ-कृती दिल्या आहेत. शेजारच्या यवतमाळात सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेच्या मदतीने 'आरंभ' कार्यक्रमात पालक मेळावे भरले. आपल्या अंगणवाडीताईंना विचारा: आपल्या वस्तीत असा मेळावा कधी?

मायला मजुरी सोडून घरी बसता येत नाही. मिशन शक्तीखालच्या 'पालना' योजनेत पाळणाघर मागता येते. वस्तीतल्या पंचवीस बायांनी सह्या करून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना मायला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे मांडले होते. मजूर मायच्या लेकराला दिवसभर सांभाळणारे कोणी असावे, ही मागणी त्याच वाटेवरची आहे.

आणि अर्ज मंजूर होईपर्यंत थांबायचे कारण नाही. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक सतरंजी अंथरा. घरातल्या वाट्या, डबे, बाटलीचे खुळखुळे आणा. आज्यांना गाणी म्हणू द्या. तास झाला की प्रत्येकीने घरून आणलेली खिचडी लेकरांना एका पंगतीत द्या. दुसऱ्यांना खाताना पाहून खाणारी लेकरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. घरी जाताना आजीच्या हाती एक खुळखुळा द्या. सोमवारी लेकरू रडेल तेव्हा तिच्याजवळ बिस्किटाशिवाय दुसरे काही असले पाहिजे.

जयभीम. नमो बुद्धाय.