भाजी शेतातून ताटापर्यंत : शिजवताना आणि उरल्यावर घ्यावयाची काळजी



भाजीपाल्याचे पीक घेताना आपण बियाणे, खत, पाणी आणि फवारणी यांचा हिशेब काटेकोरपणे ठेवतो. काढणीनंतर प्रतवारी करतो आणि चांगला माल बाजारात पाठवतो. मात्र जी भाजी घरासाठी ठेवली, ती उंबरठ्याच्या आत आली की हा हिशेब थांबतो. पाला उकिरड्यावर जातो, सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते आणि शिजवलेले उरले तर ते दुसऱ्या दिवशी कोणीतरी 'वाया जायला नको' म्हणून खाते. हे कोणीतरी म्हणजे बहुधा घरातील बाई असते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भाजी पिकवणाऱ्या घरात तरी हे दोन्ही प्रकार कमी व्हावेत, यासाठी काय करता येईल ते या लेखात पाहू.

भाजी चुलीवर चढण्यापूर्वी

१) घरच्या भाजीवर फवारणी केली असल्यास औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्यावरच ती तोडावी. बाजारासाठी एक नियम आणि घरासाठी दुसरा, असे करू नये. धुण्याने माती व वरवरचा अंश निघतो. पिकात भिनलेले आंतरप्रवाही औषध धुऊन निघत नाही.

२) भाजी आधी धुवावी, मग चिरावी. 'क' जीवनसत्त्व आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. चिरलेली भाजी पाण्यात टाकून ठेवली की ती पाण्याबरोबर निघून जातात. फोडी फार बारीक करू नयेत आणि चिरून तासन् तास ठेवू नयेत.

३) कच्ची भाजी टिकवण्यासाठी विटा व वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष घराजवळ सावलीत बांधता येतो. विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ७.५ सेंटिमीटर अंतर ठेवून त्यात नदीची वाळू भरावी आणि ती सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून ओली ठेवावी. उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच कमी राहते. हा कक्ष कच्च्या भाजीसाठी आहे. शिजवलेले अन्न त्यात ठेवू नये.

शिजवताना

पालेभाजीला तिच्या अंगचेच पाणी पुरते. झाकण ठेवून थोड्या पाण्यात व थोड्या वेळात शिजवावी. कडधान्य किंवा भाजी उकडून काढलेले पाणी फेकून न देता आमटीत किंवा कणकेत वापरावे. अळू मात्र चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण शिजवावे, म्हणजे घसा खाजत नाही. हिरवा रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा टाकण्याची सवय सोडावी, कारण त्याने 'क' व 'ब-१' ही जीवनसत्त्वे नष्ट होतात.

मेथी, शेपू, तांदुळजा, चवळई यांसारख्या भाज्या लोखंडी कढईत कराव्यात. कढईतील थोडे लोह भाजीत उतरते. त्यावर लिंबू पिळल्यास 'क' जीवनसत्त्वामुळे हे लोह अंगी चांगले लागते. पण लिंबू भाजी चुलीवरून उतरवल्यावर पिळावे. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास उलट परिणाम होतो. गाजर, लाल भोपळा व पालेभाज्यांतील 'अ' जीवनसत्त्वाचा घटक शरीरात शोषला जाण्यास थोडे तेल लागते, म्हणून फोडणी अगदीच टाळू नये.

चिंच, आमसूल किंवा टोमॅटो घातलेले पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवू नयेत व ठेवू नयेत. भाजी लोखंडी कढईत केली असली तरी झाल्यावर ती दुसऱ्या भांड्यात काढावी, म्हणजे काळी पडत नाही.

जे आपण टाकतो, त्यातील खाण्याजोगे

फुलकोबीच्या पांढऱ्या गड्ड्यापेक्षा तिच्या हिरव्या पानांत कॅल्शियम व 'अ' जीवनसत्त्वाचा घटक अधिक असतो. तरीही गड्डा बाजारात जातो आणि पाने बांधावर पडतात. कोवळी पाने बारीक चिरून मूगडाळीबरोबर चांगली भाजी होते. मुळ्याचा पाला, डिंगऱ्या, बिटाची व नवलकोलाची पाने हीही भाजीचीच आहेत. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात घालाव्यात. लाल भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, भाजून खाव्यात. कलिंगडाच्या सालीचा आतील पांढरा भाग दुधीसारखा शिजतो. फणसाच्या आठळ्या कोकणातील घरांना सांगायला नकोत.

दोडक्याच्या शिरांची चटणी : शिरा १ वाटी, तीळ २ चमचे, किसलेले सुके खोबरे २ चमचे, हिरव्या मिरच्या ३ ते ४, लसूण ५-६ पाकळ्या, तेल १ चमचा, चवीपुरते मीठ. तीळ व खोबरे कोरडे भाजून बाजूला ठेवावे. तेलावर शिरा कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात, त्यातच मिरच्या व लसूण परतावा. सर्व एकत्र करून जाडसर कुटावे. दुधीच्या कोवळ्या सालीचीही अशीच चटणी करता येते.

काही गोष्टी मात्र काटकसरीच्या नावाखाली खाऊ नयेत. हिरवट पडलेल्या व मोड आलेल्या बटाट्यातील विषारी द्रव्य शिजवल्याने जात नाही. थोडा भाग हिरवा असल्यास तो व मोड खोलवर काढून टाकावेत. बटाटा बराच हिरवा असल्यास पूर्ण टाकावा. दुधी किंवा दोडका शिजवण्यापूर्वी त्याचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि ते फळ वापरू नये, त्याचा रस तर मुळीच घेऊ नये. बुरशी आलेली भाजी कापून, धुऊनही वापरू नये.

उरलेली भाजी : वास नव्हे, वेळ पाहा

आपल्याकडे उरलेले अन्न चांगले की वाईट हे वास घेऊन ठरवतात. ही पद्धत फसवी आहे. पोट बिघडवणारे अनेक जिवाणू अन्नाचा वास, रंग व चव न बदलता वाढतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात त्यांची वाढ होते आणि आपल्याकडील स्वयंपाकघर वर्षभर याच टप्प्यात असते. अनुकूल परिस्थितीत एका जिवाणूचे सुमारे २० मिनिटांत दोन होतात. या गतीने दुपारी १२ वाजता असलेल्या एका जिवाणूचे संध्याकाळी ६ पर्यंत अडीच लाखांहून अधिक होतील.

'पुन्हा उकळले की झाले' हा समजही अपुरा आहे. उकळल्याने जिवाणू मरतात, परंतु काहींनी अन्नात आधीच सोडलेले विष उकळूनही टिकते. भातात हा धोका विशेष असतो, कारण त्यातील एका जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की वाढू लागतात. त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देणे सुरक्षित नाही.

यासाठी पुढील नियम पाळावेत :

१) शिजवल्यापासून २ तासांच्या आत अन्न खाऊन संपवावे, किंवा थंड करून शीतकपाटात ठेवावे. कडक उन्हाळ्यात ही मुदत १ तास धरावी.

२) मोठे पातेले मधोमध बराच वेळ गरम राहते. उरलेली भाजी पसरट भांड्यात काढून, ते भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावी.

३) उष्ट्या चमच्याने किंवा हाताने ढवळलेले अन्न ठेवू नये. ठेवायचे असेल ते वाढण्यापूर्वीच वेगळे काढावे.

४) शीतकपाटातील भाजी दुसऱ्या दिवशी संपवावी. पुन्हा गरम करताना रटरटून उकळी आणावी किंवा आतपर्यंत वाफ येऊ द्यावी, आणि हे एकदाच करावे.

५) वीज गेल्यास शीतकपाटाचे दार उघडू नये. बंद दाराआड सुमारे ४ तास थंडावा टिकतो. भारनियमन त्याहून लांबल्यास आतील शिजवलेले अन्न वापरू नये.

६) शीतकपाट नसल्यास शिजवलेले ठेवण्याऐवजी बेतानेच शिजवावे. मोड आलेली मटकी दोन वेळांची असेल, तर निम्मी कच्ची बाजूला काढून गार जागी ठेवावी व संध्याकाळी शिजवावी.

उरलेल्याचे नवे पदार्थ

वरील मुदतीत जपलेली भाजी तशीच पुन्हा वाढली तर मुले नाक मुरडतात. तिचा पदार्थ बदलावा. उसळीत पाणी घालून खळखळून उकळी आणावी, वरून कांदा, फरसाण व लिंबू घेतले की मिसळ होते. उरलेल्या वरणात थोडे पाणी घालून उकळावे आणि कणकेचे काप सोडून वरणफळे करावीत. बटाट्याची कोरडी भाजी पराठ्यात भरावी.

पालेभाजीचे थालीपीठ : उरलेली कोरडी पालेभाजी १ वाटी, ज्वारीचे पीठ २ वाट्या, बेसन अर्धी वाटी, गव्हाचे पीठ अर्धी वाटी, बारीक चिरलेला १ कांदा, तिखट, ओवा, बेताचे मीठ. भाजीत आधीच मीठ असते हे विसरू नये. पीठ लगेच भिजवून, पातळ थापून, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे. थालीपीठ जाड राहिल्यास आतील भाजी नीट तापत नाही.

जनावरांना काय द्यावे, काय देऊ नये

भाजीचे स्वच्छ देठ व ताजा पाला नेहमीच्या चाऱ्यात थोड्या प्रमाणात मिसळून द्यावा. मात्र लग्नकार्यात उरलेला भात, पोळ्या किंवा गोड पदार्थ गाई-म्हशींना घमेल्याने घालू नयेत. त्यामुळे कोठीपोटात आम्ल वाढते, रवंथ बंद होतो, जनावर चारा सोडते, पातळ हगवण लागते आणि वेळेत उपचार न मिळाल्यास दगावतेही. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे. भाव पडला म्हणून कांदाही भरपूर खाऊ घालू नये. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व लघवी लालसर-काळपट होते. हिरवे बटाटे, बुरशी आलेले अन्न आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले खरकटे गोठ्याच्या आसपासही टाकू नये.

राहिलेला ओला कचरा कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. ओल्या कचऱ्याच्या एका घमेल्यास दोन ते तीन घमेली कोरडा पालापाचोळा घालून वर मातीचा पातळ थर द्यावा. मसाला, मीठ व तेल असलेली भाजी गांडूळखताच्या वाफ्यात टाकू नये. गांडुळांना ती सोसत नाही.

शेवटी एक सूचना. मुदत उलटून गेलेली भाजी खड्ड्यात टाकण्यात कमीपणा मानू नये. त्या वाटीभर भाजीपेक्षा दवाखान्याचा खर्च आणि ऐन हंगामात बुडालेली मजुरी कितीतरी जास्त असते. ती भाजी घरातील गृहिणीने खाऊन संपवावी, अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. उद्याच्या स्वयंपाकात मूठभर भाजी कमी चिरणे हाच खरा बचतीचा मार्ग आहे.