वस्तुजाल-ब्लॉकचेनमधील कूटलेखन

वस्तुजाल-ब्लॉकचेनमधील कूटलेखन म्हणजे आंतरजालाशी जोडलेल्या उपकरणांच्या (उदा. तापमान संवेदक, वीजमीटर) नोंदी ब्लॉकचेनवर ठेवताना त्यांचा अस्सलपणा व खासगीपणा राखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गणिती पद्धती होत.

उपयोगाचे उदाहरण

जळगाव जिल्ह्यातील फैजपूर (ता. यावल) हे केळी उत्पादक पट्ट्यातील शहर आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सुमारे १३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात केळीची साल काळवंडते. वाहतुकीतील तापमानाची नोंद शेतकरी, वाहतूकदार किंवा व्यापारी यांपैकी एकाच्याच ताब्यात असल्यास, नुकसान कोणी सोसायचे हे त्याच्या वहीवरच ठरते. सर्वांकडे प्रत असलेली व मागाहून बदलता न येणारी नोंदवही हा यावरचा एक संभाव्य उपाय आहे.

कार्यपद्धती

संवेदक प्रत्येक नोंदीवर आपल्या खासगी किल्लीने डिजिटल स्वाक्षरी करतो. सार्वजनिक किल्लीच्या आधारे ती कोणालाही पडताळता येते. प्रत्येक खंडात मागील खंडाचा हॅश असतो; त्यामुळे जुन्या नोंदीतील एक अंक बदलला तरी पुढील साखळी जुळत नाही. स्वाक्षरीने मजकूर लपत नाही. त्यासाठी स्वतंत्र कूटबद्धीकरण करावे लागते.

मर्यादित साधने

बिटकॉइनची संपूर्ण साखळी शेकडो गिगाबाइटची आहे, तर अनेक संवेदकांची कार्यस्मृती काही किलोबाइटच असते. म्हणून संवेदक केवळ स्वाक्षरी करतो आणि साखळी सांभाळण्याचे काम मोठ्या संगणकांकडे राहते. अशा उपकरणांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०२३ मध्ये 'अॅस्कॉन' या हलक्या कूटलेखन पद्धतींच्या संचाची निवड केली.

किल्ली तयार करण्यासाठी अस्सल यादृच्छिक संख्या लागतात. २०१२ मधील एका संशोधनात अनेक राउटर व तत्सम उपकरणांच्या आरएसए किल्ल्यांमध्ये सामाईक मूळ संख्या आढळल्या. अशा दोन सार्वजनिक किल्ल्यांचा केवळ मसावि काढून त्यांच्या खासगी किल्ल्या शोधता येत होत्या.

खासगीपणा

वीजमीटरच्या नोंदींवरून घरात माणसे केव्हा असतात याचा अंदाज येतो. अशी माहिती साखळीवर गेल्यास पुसता येत नाही. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये मात्र माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. त्यामुळे मूळ माहिती बाहेर ठेवून साखळीवर तिचा हॅशच नोंदवणे हा प्रचलित मार्ग आहे. मीटरवाचनासारख्या संख्येच्या शक्यता मोजक्याच असल्याने हॅशवरून ती ओळखता येऊ शकते. म्हणून हॅश काढण्यापूर्वी तिला एक गुप्त यादृच्छिक संख्या जोडतात. शून्य-ज्ञान सिद्धतेने 'तापमान ठरलेल्या मर्यादेत होते' एवढेच, प्रत्यक्ष आकडा न सांगता, सिद्ध करता येते. ही संकल्पना गोल्डवासर, मिकाली व रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडली.

मर्यादा

कूटलेखन नोंद कोणत्या किल्लीने केली हे सांगते. ती खरी आहे की नाही हे सांगत नाही. संवेदक केळीपासून दूर, थंड जागी ठेवल्यास चुकीचे तापमानही वैध स्वाक्षरीसह साखळीत कायम राहते. म्हणून उपकरणाचे मोहोरबंदीकरण व प्रत्यक्ष तपासणी यांची गरज उरतेच.